आकाश किती गडद करायचे

माझ्याजवळच्या स्लाइड्समधली एक स्लाइड मी कायम वेगळ्या पाकिटात ठेवते. लाइट बॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिले की तिच्यात एक हिमशिखर दिसते. त्याची एक धार उजवीकडे उतरत गेली आहे, बर्फ पांढराशुभ्र आहे, आणि मागचे आकाश जवळजवळ काळे आहे. वेळ भर दुपारची आहे, हे खडकांच्या आखूड सावल्यांवरून कळते. ज्यांनी ज्यांनी ही स्लाइड पाहिली, त्यांनी तिची स्तुती केली. मला मात्र ती पाहताना दर वेळी अस्वस्थ वाटते, कारण त्या दुपारी त्या शिखरासमोर मी तासभर उभी होते आणि असे आकाश मी पाहिले नव्हते. आकाश निळे होते, सखल प्रदेशात कधी दिसत नाही इतके खोल निळे होते. ते काळे केले मी, लेन्सवरच्या पोलरायझर या फिल्टरचे फिरते कडे शेवटपर्यंत फिरवून.

रंगीत फिल्मवर बर्फाचे डोंगर टिपणाऱ्यांच्या पिशवीत दुसरा एखादा फिल्टर असेल किंवा नसेल, पोलरायझर बहुधा असतोच. कृष्णधवल फिल्मवर काम करणाऱ्यांना आकाश गडद करायला रंगीत काचा पुरतात. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या योसेमिटीतला हाफ डोमचा कडा टिपला, तेव्हा त्यांच्याजवळ काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या फिल्टरमधून घेतली, आणि मनातले आकाश तिच्यात उतरणार नाही हे जाणवल्यावर दुसरी गडद लाल फिल्टरमधून घेतली. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून आकाश काळवंडते आणि बर्फ उजळ राहतो. तीच काच रंगीत फिल्मसमोर धरली तर बर्फासकट सगळेच तांबडे होईल. वर गडद आणि खाली पारदर्शक असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर लावता येतो, पण त्याची सीमारेषा सरळ असते आणि डोंगराची कधीच तशी नसते. शिखराचे टोक हमखास त्या गडद भागात सापडते. आपला रंग न मिसळता आकाशाची निळाई खोल करणारी आणि शिखराला हात न लावणारी काच एकच, ती म्हणजे पोलरायझर. त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास बसला, आणि सुरुवातीच्या काळात तो जरा जास्तच बसला.

ही काच नेमके काय अडवते हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला, आणि ते समजल्यावर डोंगरासमोर उभे राहण्याची माझी रीतच बदलली. प्रकाशाची कंपने त्याच्या वाटेला काटकोनात होतात. सूर्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशात ती सर्व दिशांना सारखीच असतात. पण काच, पाणी किंवा गुळगुळीत बर्फ यांच्यावरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश एका ठरावीक दिशेत अधिक कंप पावतो. यालाच प्रकाशाचे ध्रुवण म्हणतात. पोलरायझर एकाच दिशेतली कंपने आत सोडतो आणि तिला काटकोनातली अडवतो. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एत्येन-लुई मालुस हे लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारा मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होते, तेव्हा स्फटिक फिरवला की त्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तेजस्विता बदलते, हे त्यांच्या लक्षात आले. पुढच्याच वर्षी फ्रांस्वा आरागो यांनी निळ्या आकाशाचा प्रकाशही ध्रुवित असतो हे शोधून काढले. हे दोन शोध एकामागोमाग लागावेत याचे मला विशेष वाटते, कारण हिमशिखरासमोर कडे फिरवताना आपला संबंध नेमका या दोन्हींशी येतो: वरच्या आकाशाशी आणि खालच्या चकाकीशी.

लेन्सवर बसेल असा मोठा आणि पातळ ध्रुवक पत्रा, म्हणजे पोलरायझरचा मूळ भाग, अमेरिकी संशोधक एडविन लँड यांच्या १९२९ च्या पेटंट-अर्जानंतर हळूहळू हाती आला. तोवर कॅल्साइटपासून केलेले छोटे निकोल लोलक वापरले जात. असाच एक निकोल लोलक जवळ बाळगून चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतत होते. समुद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारी आकाशाची चकाकी त्यांनी त्या लोलकाने विझवली, आणि तरीही पाण्याच्या पोटातून येणारी निळाई त्यांना स्पष्ट दिसत राहिली. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, या समजुतीला तिथे धक्का बसला. वरची चकाकी बाजूला काढली तर मागे काय उरते, हा प्रश्न त्यांनी समुद्राला विचारला होता. तोच प्रश्न बर्फाला विचारला तर उत्तर वेगळे येते, आणि त्या उत्तरापर्यंत पोहोचण्यात माझे पुष्कळ रोल खर्ची पडले.

आधी आकाशाविषयी. हवेचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात आणि त्यात निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरला जातो. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये याचे गणित मांडले. हा विखुरलेला प्रकाश सूर्याशी काटकोन करणाऱ्या पट्ट्यात सर्वाधिक ध्रुवित असतो. तो पट्टा शोधायला उपकरण लागत नाही. तर्जनी सूर्याकडे रोखायची, अंगठा तिच्याशी काटकोनात ताणायचा आणि मनगट फिरवायचे. अंगठा आकाशात जिथून जिथून फिरतो, तिथे पोलरायझरचा परिणाम सर्वांत जास्त. सूर्य अगदी समोर किंवा अगदी पाठीशी असेल तर कडे कितीही फिरवले तरी आकाशात फारसा फरक पडत नाही. दूरच्या डोंगररांगांवर पसरलेला निळसर पडदा हाही अशाच विखुरलेल्या प्रकाशाचा असतो, म्हणून सूर्य बाजूला असताना तो विरतो आणि रांगांमागच्या रांगा पुढे येतात. ढगांचा प्रकाश मात्र असंख्य थेंबांवरून पुनःपुन्हा विखुरत आलेला असल्यामुळे ध्रुवण हरवून बसतो, आणि आकाश गडद झाले तरी ढग पांढरेच राहतात.

उंचावर गेल्यावर यात आणखी एक गोष्ट मिसळते. तिथे डोक्यावरची हवाच कमी असते, धूळ आणि बाष्प तर फारच कमी, त्यामुळे आकाश मुळातच गडद असते. स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे १७८७ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखरावर गेले, तेव्हा त्यांनी निळ्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांचे कागद सोबत नेले होते, तिथल्या आकाशाशी ताडून पाहण्यासाठी. पुढे त्यांनी अशाच छटांचे एक वर्तुळाकार साधन तयार केले, ते आकाशासमोर धरून निळाई मोजता येत असे. दमछाक करणाऱ्या त्या चढाईत, पाठीवरच्या इतर उपकरणांच्या जोडीला, केवळ आकाश किती निळे आहे हे प्रामाणिकपणे नोंदवण्यासाठी कागदाचे तुकडे वाहून नेणाऱ्या त्या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो. माझ्या काळ्या आकाशाच्या स्लाइडसमोर त्यांचे कागद धरले असते, तर एकही छटा जुळली नसती.

ती स्लाइड काळी का झाली, याचा हिशेब मी नंतर मांडला. त्या वेळी माझ्या कॅमेऱ्यात वेल्व्हिया होती, म्हणजे १९९० मध्ये बाजारात आलेली, रंग भडक आणि काळोख दाट उमटवणारी आयएसओ ५० ची स्लाइड फिल्म. स्लाइड फिल्म साधारण पाच स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आतलेच उजेड-अंधार नीट सांभाळते. त्यापलीकडे एका टोकाला पारदर्शक पांढरे आणि दुसऱ्या टोकाला काळे. उंचावरच्या दुपारी, सूर्याशी काटकोनातले आकाश उन्हातल्या बर्फापेक्षा सुमारे तीन स्टॉप मंद असल्याचे दृश्याच्या लहानशा भागाचा उजेड मोजणाऱ्या माझ्या स्पॉट मीटरने मला अनेकदा दाखवले आहे. आता त्या आकाशाचा तीन चतुर्थांश प्रकाश ध्रुवित आहे असे धरले, तर पूर्ण फिरवलेल्या पोलरायझरमधून बर्फाचा निम्मा प्रकाश आत येतो आणि आकाशाचा फक्त एक अष्टमांश. म्हणजे आकाश बर्फाच्या तुलनेत आणखी दोन स्टॉप खाली जाते. तीन आणि दोन मिळून पाच. बर्फाला पांढरा ठेवण्यासाठी मी त्याला फिल्मच्या वरच्या टोकाशी बसवले होते, तेव्हा आकाश आपोआप खालच्या टोकाला जाऊन पडले. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना डोळ्यांना ते सुंदर गडद निळे दिसत होते, कारण डोळ्यांची झेप फिल्मपेक्षा कितीतरी मोठी असते. फिल्मवर काम करताना हीच खरी कसोटी असते: कडे फिरवताना दिसते ते डोळ्यांचे चित्र, आणि हाती पडते ते फिल्मचे.

बर्फाच्या एक्स्पोजरविषयी इथेच सांगायला हवे, कारण आकाशाचे सगळे गणित त्यावर उभे आहे. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के उजेड परत पाठवतो. परावर्तित उजेड मोजणारा मीटर मात्र समोर जे असेल ते साधारण १८ टक्के परावर्तन करणारे करडे आहे असे गृहीत धरतो. त्याचे ऐकले तर बर्फही करडाच उमटतो, आणि स्लाइडवर तो करडा निळसर, मळका दिसतो. म्हणून उन्हातल्या बर्फाचे वाचन घेऊन त्यावर दीड ते दोन स्टॉप वाढवावे लागतात. स्लाइडवर मी पावणेदोनच्या आसपास थांबते, कारण दोनच्या पुढे बर्फावरच्या वाऱ्याच्या लाटा पुसल्या जाऊ लागतात आणि त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. निगेटिव्ह फिल्म इथे बरीच क्षमाशील आहे, उजेड थोडा जास्त झाला तरी ती सांभाळून घेते. पोलरायझर लावल्यावर पाकिटावर छापलेला दीड-दोन स्टॉपचा गुणक हातातल्या वेगळ्या मीटरसाठी लागतो. लेन्समधूनच मोजणारा कॅमेरा फिल्टरमधून आलेला उजेडच पाहतो, तेव्हा तो गुणक पुन्हा मिळवण्याचे कारण नसते. मी फिल्टर लावते, कडे हवे तिथे आणते, आणि मगच उन्हातल्या बर्फाचे वाचन घेते. हा क्रम उलटा झाला की सगळे बिघडते.

आकाश काळे का झाले हे मला कळले, तरी बर्फाचे काय होते हे कळायला आणखी एक हिवाळा जावा लागला. त्या वेळी माझ्यासोबत वयाने आणि अनुभवाने बरेच मोठे असलेले एक छायाचित्रकार होते. सकाळची वेळ होती, सूर्य डाव्या बाजूला होता, आणि रात्रीच्या कडक थंडीने समोरच्या उतारावर बर्फाचे बारीक स्फटिक वाढले होते. संपूर्ण उतार चमचमत होता. मी ट्रायपॉडवर वाकून कडे फिरवत होते, आकाश कुठे सर्वांत गडद होते ते शोधत होते. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कडे फिरवताना तू आकाशाकडे बघतेस. एकदा बर्फाकडे बघ."

मी बर्फाकडे पाहिले आणि कडे पुन्हा फिरवले. आकाश गडद होत गेले, आणि ज्या क्षणी ते सर्वांत गडद झाले, त्याच क्षणी उतारावरची चमचम विझली. उतार खडूच्या भुकटीसारखा सपाट दिसू लागला. कडे मागे आणले, आकाश फिके झाले आणि एकेक कण पुन्हा पेटला. मी हे दहा-बारा वेळा करून पाहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत होत्या, आणि त्या तशाच होणार होत्या, कारण त्यांचे कारण एकच आहे.

बर्फाचा पांढरेपणा आणि बर्फाची चमचम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरेपणा आतून येतो: प्रकाश बर्फात शिरतो, असंख्य कणांवर आपटत, वळत, फिरत बाहेर पडतो, आणि त्या प्रवासात त्याचे ध्रुवण पुसले जाते, ढगातल्या प्रकाशासारखेच. म्हणून पोलरायझरला पांढऱ्या बर्फाशी काही देणेघेणे नसते. चमचम मात्र पृष्ठभागावरच्या स्फटिकांची असते. प्रत्येक स्फटिक इवलासा आरसा असतो आणि त्यातून सूर्य एकदाच परावर्तित होऊन थेट लेन्समध्ये येतो. एकाच परावर्तनाने आलेला हा प्रकाश ध्रुवित असतो. बर्फाच्या बाबतीत आपाती कोन, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाने पृष्ठभागाच्या लंबाशी केलेला कोन, सुमारे ५३ अंश असेल तेव्हा तो पूर्णपणे ध्रुवित होतो, आणि सूर्य बरोबर बाजूला असताना, म्हणजे हा कोन ४५ अंश असतानाही, बहुतांशी ध्रुवित असतोच. शिवाय त्याच्या कंपनाची दिशा सूर्य, स्फटिक आणि आपला डोळा यांना सामावणाऱ्या प्रतलाला काटकोनात असते. आकाशातल्या हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचाही हाच नियम आहे. म्हणजे शिखराच्या वरचे आकाश आणि शिखराच्या पायाशी चमचमणारा उतार, सूर्यापासून सारख्या अंतरावर असतील तर, एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आपल्याकडे पाठवत असतात. फिल्टरच्या कड्याच्या ज्या स्थितीत एक अडतो, त्याच स्थितीत दुसराही अडतो. आकाशाची खोली हवी असेल तर तिची किंमत बर्फाच्या जिवंतपणात मोजावी लागते, आणि ही देवाणघेवाण भौतिकीनेच ठरवून ठेवलेली आहे.

रामन यांनी पाण्यावरची चकाकी बाजूला केली तेव्हा पाण्याचा रंग दिसला. बर्फावरची चकाकी बाजूला केली तेव्हा मला बर्फ हरवल्यासारखा वाटला. मला वाटते, बर्फाच्या बाबतीत चकाकी हा वरून चढवलेला मुलामा नसतो. रात्रीची थंडी, वारा, स्फटिकांची वाढ हे सगळे त्या चमकणाऱ्या कणांतच लिहिलेले असते. वाऱ्याने घट्ट झालेल्या पापुद्र्यावरची झिलई तर दुरूनही ओळखू येते, आणि उतार भुसभुशीत आहे की टणक, हे डोंगरात फिरणारा माणूस त्या झिलईवरून ताडतो. ती काढून टाकलेले चित्र त्याला अपुरे वाटणारच.

तेव्हापासून माझा सगळा प्रश्न कडे किती मागे आणायचे हा झाला. माझ्या फिल्टरच्या कड्यावर एक पांढरा ठिपका आहे. मी त्याला घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचते आणि वहीत लिहिते: पूर्ण परिणाम दोन वाजता, चित्र तीन वाजता. घड्याळातला एक तास म्हणजे तीस अंश. मालुस यांच्याच नावाचा नियम सांगतो की ध्रुवित प्रकाशाचा किती भाग आत येईल हे कोनाच्या कोसाइनच्या वर्गावर ठरते, आणि या नियमाचा प्रत्यक्षातला अर्थ हाताला चकवणारा आहे. पूर्ण गडद स्थितीपासून दहा अंश मागे आले तरी जवळजवळ काहीच बदलत नाही. वर मांडलेल्या हिशेबातल्या दोन स्टॉपपैकी पाऊण हिस्स्याहून अधिक शिल्लक असतो. वीस अंशांवर सव्वा स्टॉप उरतो, तीस अंशांवर दोन तृतीयांश, आणि पंचेचाळीस अंशांवर परिणाम शून्य होतो, म्हणजे फिल्टर नुसती करडी काच होऊन बसतो. त्याच्याही पुढे गेले तर आकाश फिल्टरविना दिसले असते त्याहून फिके होते. अर्धे फिरवले म्हणजे अर्धा परिणाम, असे मी अनेक वर्षे समजत होते. ते खरे नव्हते. कामाची जागा पंधरा ते तीस अंशांच्या मधली आहे, घड्याळाच्या भाषेत अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंतची. स्फटिकांतून येणारा उजेड प्रत्यक्ष सूर्याचा असल्यामुळे तो इतका प्रखर असतो की त्याचा आठवा हिस्सा परत मिळाला तरी उतार जागा होतो.

हे मी फिल्मवरच पडताळले. एकाच जागेवरून तीन फ्रेम घ्यायच्या, एक पूर्ण फिरवून, एक अर्धा तास मागे आणून, एक तासभर मागे आणून, आणि वहीत नोंद करायची. रोल धुऊन येईपर्यंत काही दिवस जायचे, आणि तेवढ्यात डोंगराची आठवण थोडी निवळायची. मग तिन्ही स्लाइड्स शेजारी ठेवून, कोणती त्या सकाळसारखी आहे हे ठरवायचे. पूर्ण फिरवलेली स्लाइड पहिल्या नजरेला नेहमी जिंकायची आणि पाच मिनिटांनी नेहमी हरायची.

काही गोष्टी मी नुकसान सोसून शिकले. आडवा कॅमेरा उभा केला की लेन्ससोबत फिल्टरही नव्वद अंशांत वळतो आणि परिणाम थेट उलटा होतो. एका उंच सुळक्याच्या सहा उभ्या फ्रेम मी अशाच फिक्या आकाशासह घरी आणल्या, कारण वाऱ्यात घाईने कॅमेरा फिरवला आणि फिल्टरच्या कड्याकडे लक्षच गेले नाही. २४ मिमीच्या लेन्सच्या दृष्टिक्षेत्रात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ८४ अंश मावतात, तेवढ्यात आकाशाचा ध्रुवित पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे फिके आकाश असे सगळेच येते; निरभ्र आकाशात तो गडद डाग उठून दिसतो. विस्तृत दृश्य हवे असेल आणि ढग नसतील तर मी फिल्टर काढूनच ठेवते. ऑटोफोकस किंवा अर्धपारदर्शक आरशातून मोजणी करणाऱ्या कॅमेऱ्यांना वर्तुळाकार ध्रुवणाचा फिल्टर लागतो, साधा रेषीय फिल्टर त्यांच्या मीटरला फसवतो; वर्तुळाकार फिल्टरमध्ये ध्रुवक पत्र्यामागे आणखी एक थर असतो, बाकी वापर सारखाच.

सावल्यांचा प्रश्न निराळा आहे. डेलाइट फिल्म साधारण ५५०० केल्विनच्या उजेडासाठी बनवलेली असते. बर्फातल्या सावलीवर सूर्य पडत नाही, तिला उजळवते ते निळे आकाशच, आणि पांढरा बर्फ ती निळाई जशीच्या तशी परत करतो. आपले मन लगेच तडजोड करून सावली पांढरी असल्याचे सांगते. फिल्म अशी तडजोड करत नाही. पोलरायझर ही निळाई काढू शकत नाही, कारण ती बर्फाच्या आतून फिरून, ध्रुवण हरवून आलेली असते. मी काही काळ ८१ए या फिकट पिवळसर फिल्टरने ती कमी करत असे. पण दोन फिल्टर एकावर एक चढले की रुंद लेन्सचे कोपरे कापले जातात, आणि हळूहळू त्या निळ्या सावल्या मला आवडूही लागल्या. आकाश जितके निळे, तितकी सावली निळी. एकमेकांची साक्ष असावी तशी ती दोन्ही एकाच चित्रात असतात. एकदा ते दिसल्यावर सावलीतला रंग पुसावासा वाटेना.

थंडीत हे सगळे सावकाश करावे लागते. फिल्म कडक होते, तिला ओढून चालत नाही. कोरड्या थंड हवेत रोल वेगाने गुंडाळला तर आत स्थिर विद्युत तयार होते आणि तिच्या ठिणग्या फिल्मवर फांद्या फुटलेल्या रेषा उमटवतात. माझ्या एका रोलवर, नेमक्या स्वच्छ आकाशाच्या जागी, अशी झुडपे उगवलेली आहेत. तेव्हापासून मी यांत्रिक कॅमेराच वापरते आणि रोल मोजून, थांबून थांबून गुंडाळते. मीटरची बॅटरी अंगाजवळच्या खिशात राहते. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत जातो, म्हणजे दव पिशवीवर जमते आणि लेन्स कोरडी राहते. फिल्टरचे कडे सर्वांत हट्टी. लेन्सच्या आट्यांवर ॲल्युमिनियमचे कडे थंडीत आवळून बसते, पितळेचे त्या मानाने कमी. जाड हातमोज्यांत ठिपका कुठे आहे हे बोटांना कळत नाही, म्हणून मी त्या जागी दोऱ्याचा एक लहानसा गाठीचा तुकडा चिकटवला आहे.

मागच्या हिवाळ्यात मी अष्टमीची वाट पाहिली. शुद्ध अष्टमीला चंद्र सूर्यापासून ८४ ते ९६ अंशांवर असतो, अष्टमीची व्याख्याच ती आहे. म्हणजे अर्धा चंद्र नेहमी आकाशाच्या सर्वाधिक ध्रुवित पट्ट्यातच उभा असतो. हे कधी तरी सहज लक्षात आले आणि मग मनातून जाईना. हिवाळ्यात दुपारी सूर्य दक्षिणेला खाली असतो, आणि त्याच सुमारास हा चंद्र पूर्वेला वर येतो. पूर्वेची एक बर्फाची धार मी आधीच हेरून ठेवली होती. तिच्यावर ऊन उजवीकडून, अगदी आडवे येत होते, आणि उतारावर दोन थंड रात्रींचे स्फटिक तसेच होते.

चंद्र धारेवर आला तेव्हा इतका फिका होता की नवख्या डोळ्याला सापडला नसता. मी कडे पूर्ण फिरवले. आकाश मागे सरले आणि चंद्र एकदम पुढे आला, कोरून काढल्यासारखा, खडकांसारखाच घट्ट. खाली उतार खडूसारखा विझला. रोलवर तीन फ्रेम उरल्या होत्या. मी आकाशावरून नजर काढली आणि धारेखालच्या बर्फाच्या एका वळकटीकडे पाहत दोऱ्याची गाठ हळूहळू मागे आणू लागले. बराच वेळ काही झाले नाही. मग वळकटीच्या कडेला एक कण पेटला, त्याच्या खाली दुसरा, आणि मग एक रेघच्या रेघ. चंद्र अजून दिसत होता, थोडा मऊ, आकाश निळे होते. मी तिथे थांबले, उन्हातल्या बर्फाचे वाचन घेतले, पावणेदोन स्टॉप वाढवले, आणि श्वास बाजूला सोडून शटर दाबले. वहीत लिहिले: पूर्ण परिणाम एक वाजता, चित्र पावणेदोन वाजता. उरलेल्या दोन फ्रेम तशाच ठेवून मी चंद्र धारेपासून हातभर वर जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.